टाळ्याला जीभ

जो माणूस अखंड बोलतो त्याची जीभ टाळ्याला लागत नाही, असं आपण म्हणतो. हे साफ खोटं आहे. उलट अशाच माणसाची जीभ दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा टाळ्याला लागत असते. ही गोष्ट जिला कळली, तिचा सगळा जन्म टाळूंच्या ढिगात गेला होता, तरी तिला ती कळायला पन्नाशी यावी लागली. मग तुम्हा-आम्हाला ठाऊक नसली तर त्यात नवल ते काय!

ती कवळ्या बनवायची. डॉक्टर नव्हे. डॉक्टर पुढच्या खोलीत, उजेडात, रोग्यांसमोर. ही मागच्या खोलीत. तिथे एक लांब टेबल होतं, घासायचं यंत्र होतं, मेण वितळवायचा दिवा होता, आणि भिंतभर फळ्यांवर प्लास्टरचे साचे. कुणाचा वरचा जबडा, कुणाचा खालचा. कुणाचे चार दात शिल्लक, कुणाचा एकही नाही. या खोलीत माणूस कधी येत नसे, त्याचं नुसतं तोंड येई. डॉक्टरांनी घेतलेल्या मापावरून ती प्लास्टर ओतायची, त्यावर मेण चढवायची, मेणाची जागा गुलाबी मसाला घ्यायचा, आणि मग घासणं. घासण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. डॉक्टर म्हणायचे, ‘‘हिने केलेल्या कवळीत बघून भांग पाडावा.’’ हे ऐकलं की ती वरकरणी नाक मुरडायची आणि आतून दिवसभर फुलून असायची.

एकदा रस्त्यात एका म्हातारीने तिला दुकानाचा पत्ता विचारला. ही तिच्या दातांकडे बघत राहिली, कारण ते हिनेच केलेले होते. म्हातारी बिचारी दोनदा विचारून पुढे गेली. आपण केलेल्या दातांतून शब्द बाहेर पडतात, याची बाईसाहेबांना तोवर जाणीवच नव्हती.

शब्दांचं खातं घरात दुसऱ्याकडे होतं. तिचा थोरला भाऊ बस स्थानकावर घोषणा करायचा. काचेच्या खोपटात बसून, समोर माईक घेऊन, कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते सांगायचं, एवढंच काम. पण त्याच्या आवाजात काय होतं देव जाणे, गाडी दोन तास उशिरा येणार हे त्याने सांगितलं तरी लोकांना बरं वाटायचं. घरीही तेच. लहानपणी आई त्याला म्हणायची, ‘‘अरे, श्वास घे मधेमधे.’’ बहीण कवळ्यांच्या धंद्यात पडली त्या दिवशी त्याने तिचं नाव ‘बत्तिशी’ ठेवलं, आणि तिचं खरं नाव त्यानंतर फक्त सरकारला ठाऊक राहिलं.

त्याची बायको, म्हणजे बत्तिशीची वहिनी, जन्मापासून आंधळी. एका कचेरीत फोन घ्यायची. लग्नाआधी ती रोज सकाळी त्याच स्थानकावरून गाडी पकडत असे. त्याला ती काचेतून दिसायची, तिला तो भोंग्यातून ऐकू यायचा. एके दिवशी त्याने घोषणा केली, ‘‘फलाट तीनवर गाडी लागली आहे. गाडीची पहिली पायरी मोडकी आहे, सांभाळून चढावे.’’ सगळं स्थानक चक्रावलं. अशी घोषणा कुणी कधी ऐकली नव्हती. ती कुणासाठी होती हे तिला एकटीलाच कळलं, आणि ती पायरीवर पाय जपून ठेवत हसली.

लग्नानंतर तो तिला ‘मनी’ म्हणायला लागला. भरलेल्या घरातून कशालाही धक्का न लावता मांजरीसारखी फिरायची, म्हणून मनी. दिवसभर घरात त्याच नावाचा गजर. ‘‘मनी, आज आभाळ धुतल्यासारखं दिसतंय.’’ ‘‘मनी, समोरच्यांनी दाराला भयंकर पिवळा रंग दिलाय, तू नशीबवान.’’ वहिनी म्हणायची, ‘‘पुरे रे, माझे कान दुखले.’’ पण तो पाच मिनिटं गप्प बसला तर तीच विचारायची, ‘‘गेलास कुठे?’’

आणि अशा माणसाच्या टाळूवर गाठ आली.

गाठ वेळेत सापडली, डॉक्टरांनी ती काढली, जीव वाचला. सगळे म्हणाले, सुटलो. फक्त टाळूला अंगठ्याच्या नखाएवढं भोक राहिलं. इस्पितळात शुद्ध आल्यावर त्याने पाणी मागितलं. तोंड, जीभ, ओठ, सगळं ठरलेल्या जागी हललं, आणि बाहेर आला तो नाकातून घुमत गेलेला एक ओला हुंकार. शेजारच्या खाटेवरचा माणूस हसला. तो काही वाईट मनाने हसला नसेल, पण ज्याच्या आवाजाने स्थानक चालायचं त्या माणसाने ते हसणं ऐकलं आणि तोंडाला कुलूप लावलं. त्यानंतर एक शब्द नाही.

दुसऱ्या कुठल्या घरात निदान चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या असत्या. इथे चिठ्ठी वाचणार कोण? वहिनीला ठिपक्यांची लिपी यायची. ती त्याने कधी शिकली नव्हती, त्याला गरजच काय होती? तोंड होतं ना! मग दोघांनी टेबलावर टकटक करायचं ठरवलं. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. जेवलास का? टक. दुखतंय का? टक टक. वर्षानुवर्षांचा संसार एका बोटावर आला. स्थानकावर त्याच्या जागी कुणा बाईचा आधीच भरून ठेवलेला आवाज वाजायला लागला.

एक दिवस वहिनीने बत्तिशीला फोन केला. फोनवर बोलणं हे तिचं काम, एरवी तिचा आवाज कधी हलत नसे. त्या दिवशी हलला.

‘‘वन्सं, तो घरात असतो ना, पण मला दिसत नाही. खुर्ची करकरली की कळतं, इथे आहे. मग पुन्हा नाहीसा होतो. तुम्हा डोळसांना नाही कळायचं.’’

बत्तिशीला खरंच कळलं नाही. भोक बंद करणारी पट्टी तर तिलाच बनवायची होती. कवळीसारखीच, दात थोडे, टाळूचं झाकण मोठं. जखम भरल्यावर डॉक्टरांनी माप घेतलं आणि भावाचं तोंड प्लास्टर होऊन तिच्या टेबलावर आलं. तिने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग पदर खोचल्यासारखी ती कामाला लागली. पट्टी मोडू नये म्हणून तिने ती नेहमीपेक्षा जाड केली. समोरच्या दातांच्या मागे, टाळूवर, प्रत्येक माणसाला बारीक आडव्या वळ्या असतात. जीभ लावून बघा, लागतील. साच्यात त्या ओबडधोबड दिसतात, म्हणून ती कायम खरवडून टाकायची. भावाच्या साच्यातल्या तर तिने जास्तच निगुतीने खरवडल्या. मग घासलं, घासलं, इतकं घासलं की पट्टीत दिव्याची वात दिसायला लागली. जन्मात केलेलं सगळ्यात देखणं काम होतं ते.

भावाने पट्टी बसवली. भोक बंद झालं. पेला भरून पाणी प्यायला, नाकातून थेंब आला नाही. त्याच्या डोळ्यांत चमक आली. बहिणीपुढे बोलायला त्याने मानेनेच नकार दिला आणि दाराकडे बोट केलं. पहिलं बोलणं घरी.

तो घरी गेला. वहिनी खिडकीशी बसली होती. तिला चकित करावं म्हणून तो दारातच उभा राहिला, छाती भरून घेतली आणि ती जुनी घोषणा म्हणाला. फलाट तीन, पहिली पायरी, सांभाळून. शब्द सगळे आले. पण ‘स’ शिट्टी वाजवत आला, ‘त’ घसरला, ‘ट’ला धरायला जागा सापडेना. गुळगुळीत जाड पट्टीवर जीभ चाचपडत राहिली. बोलला तो कुणी भलताच, तोंडात काही कोंबलेला माणूस.

वहिनी उठून उभी राहिली. अनोळखी माणसाशी बोलायचा, कचेरीतला, अदबीचा आवाज काढून तिने विचारलं, ‘‘कोण पाहिजे आपल्याला?’’

त्याने पट्टी काढली, पाण्याच्या वाटीत टाकली आणि टेबलाशी येऊन बोटाने एकदा टकटक केलं. तेव्हा तिला कळलं की कोण आहे. ती रडली, माफी मागितली, पुन्हा बोल म्हणाली. टक टक. पुन्हा विनवलं. टक टक.

आठवडाभराने वहिनीने ठरवलं, दूरगावच्या बहिणीकडे जाऊन राहायचं. किती दिवस, ते सांगितलं नाही. बत्तिशी धावत घरी गेली तर वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती.

‘‘मी रागावून नाही चालले,’’ वहिनी म्हणाली. ‘‘पण या घरात मला रिकाम्या खोलीत बसल्यासारखं वाटतं, आणि खोली रिकामी नाही हेही ठाऊक असतं. दोन्ही एकदम नाही सोसवत गं. तिथे निदान माणसं बोलतात.’’

‘‘अगं, पण पट्टी मी पुन्हा करते ना! चार दिवस दे मला.’’

‘‘दिले. चार काय, रविवारची गाडी आहे, तोवर घे.’’ मग ती हळूच म्हणाली, ‘‘त्याला माझा आवाज ऐकू येतो, तुला ठाऊक आहे? मी एकटीच बोलत असते, आणि तो ऐकत असतो. मला त्याची दया येते आणि संताप पण येतो.’’

भाऊ शेजारच्या खोलीत होता. भिंतीपलीकडून टकटक नाही की काही नाही.

दुसऱ्या दिवशी बत्तिशी वाटीतली पट्टी रुमालात गुंडाळून इस्पितळात गेली. तिथे दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत, बोलणं शिकवणाऱ्या एक बाई बसत. मुलं त्यांना उच्चारबाई म्हणत. भाऊ त्यांच्याकडे एकदाच गेला होता आणि तोंड न उघडता परत आला होता. बाईंनी पट्टी हातात घेतली, उजेडात फिरवली.

‘‘किती सुंदर घासलीय हो!’’

बत्तिशी फुलायच्या बेतात होती, तेवढ्यात बाई म्हणाल्या, ‘‘आता या काचेवर जीभ उभी कुठे राहणार?’’

तिचा चेहरा उतरलेला बघून बाईंनी तिला खुर्ची दिली. मग म्हणाल्या, ‘‘गळ्यावर दोन बोटं ठेवा. आता स लांबवा. सssss. लागतंय काही?’’

‘‘नाही.’’

‘‘आता ओठ मिटून म लांबवा.’’

तिने लांबवला आणि दचकून बोटं काढली. गळ्यात काहीतरी गुणगुणत होतं. तिच्या गळ्यात! एवढी वर्षं!

बाई हसल्या. ‘‘नखाएवढे दोन पडदे असतात तिथे. छातीतून वारा येतो, हे पडदे थरथरतात, आवाज होतो. पण तो आवाज म्हणजे नुसती गुणगुण. त्याचं अक्षर वर होतं, तुमच्या मुलखात. जीभ कुठे टेकते, ओठ मिटतात की नाही, आणि हे नाकाचं दार उघडं आहे की बंद.’’ त्यांनी एक छोटा आरसा तिच्या नाकाखाली धरला. ‘‘म्हणा, प, प, प.’’ आरसा स्वच्छ. ‘‘म, म, म.’’ आरशावर वाफ.

‘‘ओठ दोन्हीला तसेच मिटतात,’’ बाई म्हणाल्या. ‘‘प म्हणताना मागची पडजीभ वर उचलली जाते आणि नाकाचं दार लागतं. म म्हणताना ती खाली येते. आपण बोलताना हे दार सारखं उघडतं, मिटतं, आणि आपल्याला पत्ताही नसतो. तुमच्या भावाच्या तोंड-नाकामधल्या भिंतीलाच भोक पडलं, मग दार लावून उपयोग काय?’’

निघताना त्यांनी एक युक्ती सांगितली. पट्टीवर बारीक पांढरी पूड पसरायची, ती तोंडात बसवायची, एकच अक्षर म्हणायचं आणि काढून बघायची. जीभ जिथे टेकली तिथली पूड पुसलेली दिसते. ‘‘आधी स्वतःवर करून बघा,’’ त्या म्हणाल्या.

शनिवारी दुपारी, पुढची खोली बंद असताना, बत्तिशीने स्वतःच्या टाळूचं माप घेतलं आणि कागदासारखी पातळ पट्टी केली. या वेळी वळ्या जशाच्या तशा ठेवल्या. पूड पसरली, पट्टी तोंडात सरकवली, ‘त’ म्हणाली आणि बाहेर काढली.

पुढच्या दातांच्या मागे, कडेकडेने, घोड्याच्या नालासारखा गुलाबी आकार उमटला होता. तिने तो दिव्याखाली धरला. हा त होता. ‘त’चा कागदावरचा आकार तिला ठाऊक होता, ऐकायचा त ठाऊक होता, पण तोंडातला त आजवर कुणी तिला दाखवला नव्हता. 

मग तिला राहवेना. पूड पसरायची, म्हणायचं, काढायचं, धुवायचं, पुन्हा पूड. ‘स’ म्हणाली, तर दोन्ही बाजू पुसल्या गेल्या आणि मधे एक अरुंद पांढरी वाट राहिली. तेवढ्याच वाटेतून वारा निसटतो, तोच स. वळ्यांच्या इतक्या जवळून ती वाट जात होती की तिला स्वतःच्या खरवडणीची लाज वाटली. ‘आ’ म्हणाली, पूड तशीच्या तशी. ‘ई’ म्हणाली, कडा तेवढ्या पुसल्या.

मग तिने शाळेतल्यासारखं ओळीने सुरू केलं. ‘क’ने पट्टीची अगदी मागची कड पुसली. ‘च’ने मधला रुंद भाग. ‘ट’ला जीभ मागे वळली आणि गोल ठिपका उठवून आली, च आणि ट एकमेकांच्या थोडे अंगावर आले, भावंडं येतात तसे. ‘त’ दातांशी. आणि ‘प’ने पट्टीला हातच लावला नाही, कारण तो ओठांचा.

ती खुर्चीत टेकून बसली. मागून पुढे. घशापासून ओठांपर्यंत. पाच ओळी, पाच मुक्काम. लहानपणी छडीच्या धाकाने ती हे घोकत असे, तोंडपाठ होतं, आणि तोंडपाठ म्हणजे खरोखर तोंडाचीच वाट होती हे मास्तरांनी कधी सांगितलं नाही. कदाचित त्यांनाही ठाऊक नसेल. कधीकाळी कुणीतरी, ना आरसा ना पूड, नुसतं स्वतःच्या तोंडात लक्ष ठेवून बसलं असेल आणि ही वाट शोधली असेल. तिने भिंतीवरच्या साच्यांकडे पाहिलं. एवढी वर्षं तिला ती रिकामी भांडी वाटत होती. आज त्यातल्या प्रत्येकात कुणीतरी कुणाला हाक मारलेली होती, कुणी भांडलं होतं, कुणी बाळाला निजवलं होतं. तिला त्यांच्यापुढे अवघडल्यासारखं झालं.

रविवारी सकाळी ती भावाच्या पट्टीला भिडली. जाडी उतरवली, पुढच्या भागावर मेणाने वळ्या परत चढवायला घेतल्या. काम नाजूक होतं, गाडीच्या वेळेपर्यंत पुरं होणार नव्हतं, हे तिला दिसत होतं. जीव टांगणीला लागला होता. मेण निवेपर्यंत हात रिकामे राहिले, म्हणून तिने पुन्हा आपली पट्टी घेतली आणि एक शंका काढून बघितली. ‘त’ची एक ओळ असते, त थ द ध न. पाचांचे ठसे वेगळे हवेत ना?

नव्हते. पाचही ठसे अगदी एकसारखे. जीभ पाचही वेळा त्याच जागी टेकत होती.

ती चक्रावली. मग तिने एक हात गळ्यावर ठेवला, एक ओठांसमोर धरला, आणि सावकाश म्हणत गेली. त, गळा शांत. थ, गळा शांत, पण तळव्यावर वाऱ्याचा झोत. द, गळ्यात गुणगुण. ध, गुणगुण आणि झोत दोन्ही. जागा तीच, आणि एवढ्याशा उलाढालीत चार अक्षरं! पाचवं न. तिने आरसा नाकाखाली धरला. वाफ.

क च ट त प, प्रत्येक ओळीत शेवटचं अक्षर नाकाचं. बाकीच्यांना नाकाचं दार बंद लागतं. शेवटच्याला उघडंच लागतं.

उघडंच लागतं.

म्हणजे भिंतीला भोक पडलं म्हणून या अक्षरांचं काहीच बिघडत नाही. दादाच्या तोंडातून पहिल्या दिवसापासून ‘प’ गेला, ‘त’ गेला, ‘स’ गेला, सगळं गेलं, पण म आणि न कुठेच गेले नव्हते. इस्पितळातल्या त्या खाटेवर त्याने पाणी मागितलं. पाण्याऐवजी दुसरं काही म्हणाला असता तर? तिने ते दुसरं काही स्वतःशी पुटपुटून पाहिलं, आरसा नाकाशी धरून. आरसा पहिल्या अक्षराला धुरकटला आणि दुसऱ्यालाही. तिने कपाळावर हात मारला, तो मेणाचाच लागला.

एवढ्यात दार वाजलं. वहिनी निरोप घ्यायला आली होती. भाऊ तिचा हात धरून आणि दुसऱ्या हातात तिची बॅग घेऊन मागे उभा होता. रोज बोलत बोलत तिला रस्ता सांगणारा तो माणूस आता नुसत्या कोपराच्या दाबाने तिला वळवत होता.

‘‘झाली का गं पट्टी?’’ वहिनीने विचारलं. तिला आशा होती असं वाटलं नाही, विचारायचं म्हणून विचारलं.

‘‘नाही झाली. अजून दोन-तीन दिवस लागतील. चूक माझी होती वहिनी, मी फार घासली.’’

‘‘जाऊ दे. मायेनेच घासलीस.’’ वहिनीने हात पुढे केला आणि तिचा गाल शोधला. ‘‘याच्याकडे बघ जरा अधूनमधून.’’

‘‘थांब. दादा, इकडे ये.’’ बत्तिशीने त्याला बाहीला धरून दिव्याशी ओढलं. ‘‘तिला हाक मार.’’

त्याने टेबलावर दोनदा टकटक केलं.

‘‘टकटक नको. ऐक माझं. हाक मारायला पट्टीबिट्टी काही लागत नाही. ज्या अक्षरांना नाक लागतं ती तुझी शाबूत आहेत. म आहे, न आहे. तू तिला ठेवलेलं नाव आहे ना, त्यात दुसरं आहे काय?’’

तो तिच्याकडे बघत राहिला. तिने घाईघाईने आरसा त्याच्या नाकाखाली धरला, जणू आरशाची साक्ष काढली तर त्याला पटेल. त्याने तो हाताने बाजूला सारला. ओठ उघडले, मिटले. कपाळावर घाम आला. टक टक.

‘‘अरे, तू काय घोषणा करायची आहेस का?’’ बत्तिशीचा आवाज चढला. ‘‘इथे काय सगळं स्थानक ऐकतंय? हसलं तर कोण हसणार, हे प्लास्टरचे जबडे? लहानपणी मला झोपू द्यायचा नाहीस बडबडून, आणि आता एक शब्द, फक्त एक शब्द मागतेय तर...’’ पुढे तिला बोलवेना. आपल्या बोलण्यात किती ठिकाणी जीभ टेकते आणि किती दारं उघडमिट होतात याची तिला त्या क्षणीसुद्धा जाणीव होती, आणि रडू आलं की त्यातलं काहीच धड चालत नाही, हेही तिला दिसलं.

वहिनी दाराशी उभी होती. काय चाललंय ते तिला पुरतं कळलं नव्हतं. ती म्हणाली, ‘‘नको गं त्याला छळू. गाडीची वेळ झाली.’’ आणि बॅग कुठे आहे ते चाचपायला तिने हात पुढे केला.

हात हवेत राहिला. बॅग भावाच्या हातात होती आणि तो ती देत नव्हता. त्याने ओठ मिटले. इतका वेळ मिटून धरले की बत्तिशीला त्याच्या गळ्यातली थरथर कातडीखाली दिसली. मग ओठ सुटले, आणि जीभ उठून दातांमागच्या त्या वळ्यांशी गेली. तिथे भोक नव्हतं, तिथे सगळं जिथल्या तिथे होतं.

‘‘मनी.’’

आवाज थोडा जडावलेला होता, बरेच दिवस न वापरलेला. पण होता त्याचाच. स्थानकावरचा, खिडकीतला, आभाळ धुतल्यासारखं दिसतंय म्हणणारा.

वहिनीने ‘कोण’ विचारलं नाही. तिचा चेहरा आवाजाच्या दिशेने वळला आणि तिथेच राहिला. पुढे केलेला हात त्याच्या तोंडापर्यंत गेला, बोटं ओठांवर टेकली, नाकावर टेकली, गळ्यावर येऊन थांबली.

‘‘इतके दिवस कुठे होतास रे?’’ ती म्हणाली.

सांगण्यासारखं त्याच्याजवळ पुष्कळ होतं. पण त्याला क लागला असता, त लागला असता, ह्या ओळीतलं एक आणि त्या ओळीतलं दुसरं. ती अक्षरं अजून बहिणीच्या टेबलावर मेणात होती. त्याच्याकडे होतं तेवढंच त्याने पुन्हा दिलं.

‘‘मनी,’’ तो म्हणाला. आणि तिची बोटं गळ्यावरून हलत नाहीत हे बघून, पुन्हा म्हणाला.